बुवांनी स्वतःची चाल बांधली तेव्हा : पॉल ओकनफोल्डचा ‘बंका’

इंग्लंडचा डीजे पॉल ओकनफोल्ड याच्या ‘बंका’ आल्बमची ही सीडी मी पहिल्यांदा लावली ती आमच्या शेडमध्ये, दोन बेस आणि दोन टॉप स्पीकर जोडून. आषाढातली दुपार, बाहेर धो धो पाऊस, सगळा माल ताडपत्रीखाली. पावसाळ्यात आमच्या धंद्याला काम नसतं. फाटलेले कोन बदलायचे, जॅकला डाख मारायचा, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शोधायच्या. आणि वर्षभर ज्याला वेळ मिळत नाही ते करायचं, म्हणजे बसून ऐकायचं.

शिरोड्यात माझा साऊंडचा धंदा आहे, १९ वर्षं झाली. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, दशावतार, लग्नं, हळदी, गणपती. बहिणीचा मुलगा माझ्याच हाताखाली तयार झाला. आता तो बांद्यापासून कुडाळपर्यंत हळदीला डीजे वाजवतो, नाव आहे पोराचं. या चैत्रात मला म्हणाला, “मामा, दुसऱ्यांची गाणी लावून पुरे झालं. मी स्वतःचा आल्बम काढतो.” मी लगेच काही बोललो नाही. मांडवात दोनशे माणसं नाचवणं वेगळं आणि कोणीतरी घरात एकटं बसून ऐकेल असं गाणं बनवणं वेगळं, हे त्याला कसं सांगावं याचा विचार करत राहिलो. तेव्हा मला पॉल ओकनफोल्डचा ‘बंका’ आठवला. २००२ सालचा. मित्राने कॉपी करून दिलेल्या सीडीवर कधीतरी ऐकला होता, तोही अर्धामुर्धा. म्हटलं, मूळ प्रत मागवू आणि नीट ऐकू.

प्रत जुनी मागवली, सहाशे रुपयांना. आली ती डबीचं बिजागर तुटून, आतले तबकडी धरणारे दोन दात मोडून, सीडी डबीत मोकळी खडखडत. विकणाऱ्याला फोन केला तर “जुना माल आहे, असंच असतं” एवढंच उत्तर. जुना माल मीही विकतो. पण वापरलेला ॲम्प्लिफायर देताना त्याचा कुठला नॉब खरखरतो ते मी आधी सांगतो. तबकडीवर तीन चरे होते, सुदैवाने कुठे अडकली नाही.

आल्बमवर येण्याआधी पलीकडच्या तीरावर जावं लागेल.

शाळेत असताना नाताळच्या सुट्टीत आम्ही पोरं रेडीवरून तेरेखोलच्या चढावर जायचो. खाली खाडीचं मुख, समोर गोव्याचं केरी, त्यापुढे हरमल. रात्री वारा त्या बाजूचा असला की पलीकडून नुसतं धप्, धप्, धप् यायचं. सूर नाही, शब्द नाहीत. आम्हाला वाटायचं, तिकडे लोक फक्त ढोलच वाजवतात. धंद्यात पडल्यावर त्याचं कारण कळलं. वरचे स्वर हवा आणि झाडं खाऊन टाकतात, बेस मात्र लांबपर्यंत जातो. त्या संगीताचा तळ तेवढा आमच्यापर्यंत पोचत होता, वरचं सगळं गोव्यातच राहत होतं.

ते वरचं काय होतं ते नंतर ऐकलं. सॅनफ्रान्सिस्कोचा एक तरुण १९७० साली गोव्यात आला आणि पुढे गोवा गिल म्हणून ओळखला गेला. २०२३ साली वारला. हणजुण, वागातोरच्या रात्री त्याच्यासारख्यांनी उभ्या केल्या. तिथे ग्रामोफोनच्या तबकड्यांपेक्षा डॅट नावाच्या छोट्या डिजिटल कॅसेट जास्त चालायच्या, कारण उन्हात आणि दमट हवेत तबकड्या टिकत नाहीत. पण डॅटची लय हाताने कमीजास्त करता येत नाही. मग एका गाण्याचे ठोके दुसऱ्यावर बसवायचे कसे? बसवायचेच नाहीत. एक गाणं हळूहळू विरू द्यायचं, त्या विरण्यातून दुसरं उगवू द्यायचं. म्हणून त्या संगीताला लांबलचक, ठोके नसलेली तोंडं आणि शेवट आले. अडचणीतून शैली निघाली. हे मला फार आवडतं.

ओकनफोल्ड लंडनचा, जन्म १९६३चा. तरुणपणी स्वयंपाकी म्हणून शिकला. १९८७ साली मित्रांबरोबर इबिझा बेटावर गेला आणि तिथलं संगीत डोक्यात घेऊन परतला. यू टू बँडच्या गाण्याचं रिमिक्स केलं, त्यांच्या दौऱ्यात गाणी लावली, परफेक्टो नावाची स्वतःची कंपनी काढली. आणि १८ डिसेंबर १९९४ रोजी बीबीसी रेडिओ वनवर दोन तासांचा एक कार्यक्रम केला, जो आजही ‘गोवा मिक्स’ म्हणून ओळखला जातो. गोव्याच्या किनाऱ्यावरचं ते संगीत त्याने ब्रिटनच्या घराघरांत नेलं, आणि त्यात मधे मधे सिनेमाचं पार्श्वसंगीत पेरलं. नाचता नाचता एकदम ठोका नाहीसा होतो आणि सिनेमाला संगीत देणाऱ्या वँगेलिसचे सूर पसरतात. रेडिओवर नाचाचा कार्यक्रम चालू असताना लोकांना असं थांबवायला धाडस लागतं.

आमच्या भागातल्या माणसाला डीजे म्हणजे काय हे समजावणं सोपं आहे. भजनी बुवा बघा. डबलबारीत बुवा गजर लावतो तो बहुतेक वेळा कुठल्यातरी माहीत असलेल्या गाण्याच्या चालीवर. चाल कोरसला पाठ, समोर बसलेल्यांनाही पाठ. मग बुवाची करामत कशात? कुठली चाल केव्हा काढायची, पखवाजवाल्याला कधी मोकळं सोडायचं, लय दुपटीला कधी न्यायची, आणि सगळे टाळ्यांच्या टिपेला पोचले असताना एकदम हात वर करून थांबायचं कुठे. समोरचा बुवा आता कशाने उत्तर देईल तेही त्याला ओळखायचं असतं. हे सगळं डीजेचंच काम आहे, शब्दाशब्दाला.

आणि मग एखादा बुवा एका रात्री स्वतःची चाल बांधून आणतो. मी अशा रात्रींना मिक्सरवर बसलेलो आहे. पहिलं आवर्तन होतं, लोक गप्प. दुसरं होतं, कोरस अडखळतो. ओळखीच्या चालीवर पहिल्याच ओळीला ज्या माना डोलायच्या त्या स्थिर. त्या पाच मिनिटांत बुवाच्या हाताशी आधाराला काहीच नसतं, फक्त त्याचं गाणं. तिसऱ्या आवर्तनाला मान हलली तर हलली.

१९९८च्या ‘ट्रान्सपोर्ट’ या मिक्स-सीडीपर्यंत ओकनफोल्डचं जगभर जे नाव झालं होतं ते दुसऱ्यांच्या गाण्यांची माळ ओवण्यावर. ‘बंका’ ही त्याची स्वतःच्या चालीची पहिली रात्र. त्यावर ११ गाणी आहेत, आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो : जिथे त्याने स्वतःच्या सबुरीवर विश्वास ठेवला तिथे तो उंच गेला आहे, आणि जिथे पाहुण्यांना पुढे करून मागे उभा राहिला तिथे तो दिसतच नाही.

पाहुणे किती? मोजले तर डोकं गरगरतं. पेरी फॅरेल, आइस क्यूब, ट्रिकी, नेली फुर्ताडो, आइसलंडची एमिलियाना तोरिनी, ग्रँट ली फिलिप्स, क्रेझी टाऊनचा शिफ्टी शेलशॉक. एका गाण्यावर तर अमेरिकन पत्रकार हंटर थॉम्पसन नुसता बोलतो. स्टुडिओत ॲन्डी ग्रे जोडीला होता. ते मला वावगं वाटत नाही, बुवालाही चांगला पेटीवाला लागतोच. पण पेटीवाला एक असतो. इथे दर गाण्याला गळा नवा, बोली नवी, तब्येत नवी.

पहिलं गाणं ‘रेडी स्टेडी गो’. हे तुम्ही ऐकलेलं असेल, २००२च्याच ‘बोर्न आयडेंटिटी’ सिनेमात पॅरिसच्या रस्त्यांवरच्या गाडीच्या पाठलागाला हेच वाजतं. धावतं, दणकट, चार मिनिटांच्या आसपास संपतं. शेडमध्ये ते चांगलं घुमलं. तात्या, म्हणजे माझे मोठे काका, पावसाचे शेडमध्येच येऊन बसतात. पन्नास वर्षं पखवाज वाजवला त्यांनी, आता बोटं आखडली आहेत. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “झिला, ह्यां सगळां बरां आसा. पण बुवा खंय आसा?”

मी काही बोललो नाही. दुसरं गाणं लागलं.

‘सदर्न सन’ जवळजवळ सात मिनिटांचं आहे. गायिका कार्ला वर्नर, मूळची न्यूझीलंडची. या गाण्याला कुठे जायची घाई नाही. आवाज येतो तो आपल्याला ढकलत नाही, बाजूला येऊन बसतो. मधे मोकळी जागा आहे आणि ती जागा भरायची धडपड नाही. एक एक थर इतका अलगद येतो की आला तेव्हा कळत नाही, पुढच्या आवर्तनाला लक्षात येतं की अरे, हे मघाशी नव्हतं. मी मिक्सरला हात लावला नव्हता. छपराच्या गळतीखाली ताडपत्रीला खळगा पडून त्यात पाणी साचलं होतं. बेस भरत गेला तशी त्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठायला लागली, एकात एक, ठोक्यागणिक. मी त्या पाण्याकडे बघत होतो आणि तात्यांची आखडलेली बोटं गुडघ्यावर वाजत होती. ठोक्यावर नव्हे, ठोक्यांच्या मधल्या जागेत. जुना पखवाजवाला असाच वाजवतो, समेला हात देतो आणि बाकी वेळ बाजूने चालतो. गाणं संपल्यावर म्हणाले, “आता माका बुवा गावलो. परत लाव.”

परत लावलं. त्या दुपारी ते चार वेळा वाजलं.

या गाण्याचं पुढे डच डीजे टिएस्टोने केलेलं रिमिक्सही गाजलं. मी ते भाच्याच्या लॅपटॉपवर ऐकलं. ते मांडवाचं आहे : ठोका पुढे, लय चढी, मोठी उठाण, हात वर करायला लावणारं. चांगलंच आहे. पण दोन्ही लागोपाठ ऐकली की मला जे भाच्याला सांगायचं होतं ते न बोलता कळतं. रिमिक्स माणसाला गर्दीत नेतं, मूळ गाणं त्याला गर्दीतून बाहेर काढून घरी आणून सोडतं. आल्बमचं काम हे दुसरं.

चौथं ‘हिप्नोटाइज्ड’ही त्याच जातकुळीचं, टिफ लेसीच्या आवाजात, आणि तेही साडेसहा मिनिटांच्या घरातलं. इथे ओकनफोल्ड खरा ट्रान्सवाला आहे; ट्रान्स म्हणजे थरावर थर सावकाश चढवत नेणारं नाचाचं संगीत. ‘झू यॉर्क’ जवळजवळ शब्दांविना, काळोखं, सिनेमासारखं. ‘गोवा मिक्स’मध्ये पार्श्वसंगीताचे तुकडे पेरणारा हात इथे ओळखू येतो. ही तीन गाणी सलग ऐकली तर वाटतं, तेरेखोलच्या चढावर जे वरचं कधी पोचलं नाही ते आता कानात येतंय.

मग आल्बम विस्कटतो. हंटर थॉम्पसनचं बोलणं मी तीनदा ऐकलं, मन लावून ऐकलं, पण ते या सीडीवर का आहे ते मला उमगलं नाही. आइस क्यूबचं ‘गेट एम अप’ त्याच्या चाहत्यांना आवडेल, त्यात जोर आहे. पण ओकनफोल्डचं नाव झाकून ऐकवलं तर ते त्याचं आहे असं कोणी म्हणणार नाही. तोरिनीचं ‘होल्ड युवर हँड’ नाजूक आहे, तिचा आवाज लहान मुलासारखा पारदर्शक. त्याच वर्षी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या भागाच्या शेवटी येणारं गाणं गायली ती हीच. मात्र गाणं रंगात येतंय तोवर आटोपतं.

सगळ्यात जास्त गाजलं ‘स्टारी आइड सरप्राइज’. ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत पोचलं. ऐकायला गोड, ओठांवर बसणारं. पण ज्या गिटारवर ते उभं आहे ती हॅरी निल्सनने गायलेल्या ‘एव्हरीबडीज टॉकिन’मधली, आणि ते गाणंही मुळात फ्रेड नीलचं. म्हणजे स्वतःच्या पहिल्या आल्बमचं सर्वांत मोठं यश पुन्हा ओळखीच्या चालीवरच आलं. यात चोरी नाही, रीतसर आहे सगळं. पण बुवाला माहीत असतं की टाळी कुठल्या जागेला आली. ओकनफोल्डलाही कळलं असेल, असं मला वाटतं.

शेवटचं ‘द हार्डर दे कम’, ट्रिकी आणि नेली फुर्ताडो. कुजबुजता जाड आवाज आणि त्यावर तिचा धारदार. संथ आहे, सावळं आहे, आणि मला ते आवडलं. पाहुणे घेऊनही यजमान कसा दिसतो ते इथे दिसतं : दोघांनाही त्याने आपल्या लयीत चालायला लावलं आहे. असंच बाकीच्यांना लावलं असतं तर आल्बम वेगळा झाला असता.

याच सुमाराला या वाटेने गेलेले इतरही आहेत. जर्मनीच्या पॉल व्हॅन डाइकने तर १९९४मध्येच ‘४५ आरपीएम’ काढला होता. टिएस्टोचा ‘इन माय मेमरी’ २००१चा. आर्मिन व्हॅन ब्यूरेनचा ‘७६’ २००३चा, नाव त्याच्या जन्मसालावरून, १९७६. हे लोक ट्रान्समध्ये राहून आल्बमकडे गेले. ओकनफोल्डने पहिल्याच फेरीला रॉक, हिप-हॉप सगळीकडे हात घातला. नाचाच्या अंगणात सुरक्षित राहता आलं असतं, राहिला नाही. याचा मला आदर वाटतो, आणि तरीही पुन्हा पुन्हा ऐकायला माझा हात त्याच्या जुन्या अंगणातल्या गाण्यांकडेच जातो.

एक तांत्रिक गोष्ट, कारण धंदेवाल्याला ती टाळता येत नाही. डीजेसाठी जी १२ इंची तबकडी निघते तिच्या सुरुवातीला आणि शेवटी नुसते ठोके असतात, कितीतरी मात्रा. ऐकणाऱ्याला ते कंटाळवाणं, पण वाजवणाऱ्याला तीच जोडायची जागा. आल्बममध्ये ती जागा कापावी लागते, कारण आता पुढे कोणी काही जोडणार नाही, गाण्याने स्वतःच सुरू व्हायचं आणि स्वतःच संपायचं. आयुष्यभर सांधे जुळवलेल्या माणसाला सांधा नसलेलं गाणं बनवायचं असतं. ‘बंका’तली काही गाणी संपतात ती संपल्यासारखी वाटत नाहीत, कोणीतरी येऊन पुढचं लावील म्हणून थांबल्यासारखी वाटतात. ‘सदर्न सन’ मात्र नीट संपतं.

आवाजाबद्दल : मोबाइलच्या स्पीकरवर ही सीडी ऐकू नका, निम्मी गाणी समजणार नाहीत. बेस घट्ट आहे, फुगलेला नाही, पंधरा इंची स्पीकरवर चांगला बसला. टेम्पोत लावून शिरोड्याहून वेंगुर्ल्याला गेलो, तेव्हा आरवली ओलांडून मोचेमाडपर्यंत पहिली पाच गाणी सुरेख चालली.

आल्बम हवा तो का, यावर मला अजून एक सांगायचं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद झाला. सणांसाठी सरकार वर्षातून फार तर १५ दिवस रात्री १२पर्यंत सवलत देऊ शकतं. नियम योग्य आहे, आजारी माणसाच्या घराशेजारी मी स्वतः आवाज उतरवलेला आहे. पण पहाटेपर्यंत चढत जाणारी डबलबारी माझ्या लहानपणी होती, तशी आता मांडवात सहसा होत नाही. पलीकडे गोव्यातही तेच. रात्रभर सावकाश वर चढणारं संगीत ज्या रात्रीत जन्मलं ती रात्रच आखूड झाली. मग ती साठवायची कुठे? ‘सदर्न सन’च्या सात मिनिटांत मला ती साठवलेली सापडली. ११ गाण्यांतल्या पाचांसाठी सहाशे रुपये आणि तुटकी डबी, मला सौदा महाग वाटला नाही. उरलेली सहा तुम्ही आपल्या आवडीने ऐका.

भाच्याने सीडी नेली आणि आठ दिवसांनी स्वतःच्या पहिल्या गाण्याचा कच्चा नमुना घेऊन आला. त्यात सावंतवाडीचा एक रॅप करणारा मुलगा, मालवणची एक गायिका आणि कुणीतरी पाठवलेली दशावतारातली आरोळी, असे तीन पाहुणे होते. तात्यांनी ऐकलं आणि तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, दोघांना काढ. त्याने रॅपवाल्याला काढलाय. आरोळीवरून आमचा अजून वाद चालू आहे.